बंद दार म्हणजे देवाचा नकार? ख्रिस्ती माणूस 'कुठे राहायचं' हे कसं ठरवतो

ख्रिस्ती रील्स पाहणाऱ्यांना एक वाक्य दर दोन दिवसांनी भेटतं: देव एक दार बंद करतो तेव्हा दुसरं उघडतो. कॅनडाचा व्हिसा नाकारला गेला, पुण्यातल्या कंपनीनं नको म्हटलं आणि नाशिकच्या कंपनीनं हो म्हटलं, की हे वाक्य स्टेटसला लागतं. खाली 'आमेन'च्या कमेंट्स येतात आणि विषय संपतो.

पण ख्रिस्ती धर्माच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात हा विषय कधीच इतक्या लवकर संपलेला नाही. देवाची इच्छा आपण कुठे राहावं अशी आहे, ती कळते कशी, आणि ती कळली असं म्हणणाऱ्यावर इतरांनी कितपत विश्वास ठेवायचा, यावरून संत भांडले आहेत, मिशनरी एकमेकांपासून वेगळे झाले आहेत आणि चर्चनं वेगवेगळे नियम करून ठेवले आहेत. यातला एक मोठा प्रसंग थेट मुंबईत घडला.

मराठी ख्रिस्ती लोक यासाठी 'पाचारण' हा शब्द वापरतात. देवानं नाव घेऊन बोलावणं, असा त्याचा साधा अर्थ. हे बोलावणं एखाद्या कामासाठी असू शकतं, आयुष्याच्या पद्धतीसाठी असू शकतं, किंवा एखाद्या जागेसाठी. त्यातलं जागेचं बोलावणं सर्वात अवघड, कारण तिथे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असून भागत नाही, पत्ता लागतो.

एकच हुकूम, दोन अर्थ

६ फेब्रुवारी १८१२. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधल्या सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा देण्यात आली. अॅडोनिराम जडसन, सॅम्युएल न्यूवेल, सॅम्युएल नॉट, गॉर्डन हॉल आणि ल्यूथर राइस. सगळे विशीत. अमेरिकेतल्या एका मिशन बोर्डानं आशियात पाठवलेली ही पहिलीच तुकडी होती. त्यांच्यातल्या तिघांच्या बायका सोबत होत्या. दोन जहाजांनी ते निघाले आणि त्या वर्षीच्या उन्हाळ्यात कलकत्त्याला पोहोचले.

तिथे ईस्ट इंडिया कंपनीनं त्यांना परत जायला सांगितलं. कंपनीला मिशनरी नकोच होते. १८०६मध्ये वेल्लोरला शिपायांचं बंड झालं होतं आणि धर्मात ढवळाढवळ झाली की व्यापार अडचणीत येतो, असं अधिकाऱ्यांचं मत बनलं होतं. त्यात याच सुमारास अमेरिका आणि ब्रिटनमध्ये युद्ध पेटलं. म्हणजे आलेले लोक मिशनरी तर होतेच, वर शत्रूच्या देशाचे.

आता रीलवालं वाक्य इथे लावून बघा. दार बंद झालं, तेही सरकारी शिक्क्यानिशी. मग देवाची इच्छा काय होती?

न्यूवेल दांपत्यानं हुकूम मानला आणि मॉरिशसचं जहाज पकडलं. हॅरिएट न्यूवेल गरोदर होती. प्रवासात मुलगी झाली आणि काही दिवसांत गेली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी मॉरिशसमध्ये हॅरिएटही वारली. ती १९ वर्षांची होती. ज्या कामासाठी घर सोडलं ते एक दिवसही तिच्या वाट्याला आलं नाही. तिच्या डायरी आणि पत्रांचं पुस्तक पुढे अमेरिकेत खूप वाचलं गेलं आणि ते वाचून अनेक मुली मिशनकडे वळल्या. तिच्या मृत्यूचा हा 'हेतू' असल्याचं नंतर अनेकांनी सांगितलं. आपल्या बाळाला समुद्रात गमावणाऱ्या मुलीला हा हिशेब पटला असता का, हा प्रश्न त्यात कुणी विचारलेला दिसत नाही.

जडसन पती-पत्नीचं आणखी वेगळं झालं. प्रवासात बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर अभ्यास करता करता अॅडोनिरामचं मत बदललं आणि कलकत्त्यात त्यानं बॅप्टिस्ट पद्धतीनं पुन्हा बाप्तिस्मा घेतला. ल्यूथर राइसनंही तेच केलं. ज्या बोर्डानं पाठवलं त्याच्याशी संबंध संपला. जडसन दांपत्य मॉरिशसला गेलं, तिथून मद्रासला आलं, तिथेही राहू देणार नाहीत हे दिसत होतं. तेव्हा जे जहाज मिळालं त्यात बसले. ते जहाज रंगूनला जाणारं होतं. जुलै १८१३मध्ये ते ब्रह्मदेशात उतरले आणि बायबलचं बर्मी भाषांतर करणारा माणूस म्हणून जडसनचं नाव आज घेतलं जातं.

हॉल आणि नॉट यांनी मात्र तोच हुकूम वेगळ्या पद्धतीनं वाचला. ते कलकत्त्याहून निसटून मुंबईच्या जहाजात बसले आणि फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत पोहोचले. त्यांना इंग्लंडला पाठवून द्या, असा कलकत्त्याचा आदेश मुंबईतही येऊन थडकला. मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांची मिशनऱ्यांना सहानुभूती होती, पण वरचा आदेश ते किती दिवस अडवून धरणार? मग हॉल आणि नॉट कोचीनला पळाले. नॉटची पत्नी रॉक्साना मुंबईतच मागे राहिली. दोघांना पकडून परत मुंबईत आणलं गेलं.

त्यानंतर हॉलनं गव्हर्नरला जे लिहिलं त्याचा सूर माफीचा नव्हता. आम्ही वरच्या अधिकाऱ्याचा, म्हणजे ख्रिस्ताचा आदेश पाळतोय आणि आम्हाला हाकलण्याची जबाबदारी तुमच्यावर येईल, असा त्याचा रोख होता. इकडे लंडनमध्ये चर्चा फिरली. १८१३च्या चार्टर कायद्यानं मिशनऱ्यांना भारतात येण्याची वाट मोकळी केली आणि पुढे कंपनीच्या संचालकांनी या दोघांना राहू दिलं. अमेरिकन मराठी मिशनची सुरुवात ही अशी झाली. पुढे याच मिशननं मुंबईत छापखाना चालवला, मुलींसाठी शाळा काढली, १८३१मध्ये अहमदनगरला ठाणं उभं केलं. मराठी कवी नारायण वामन टिळकांचं ख्रिस्ती आयुष्य ज्या मिशनच्या सावलीत गेलं, तेही हेच.

थोडक्यात, एकाच तुकडीतल्या, एकाच चर्चमध्ये प्रार्थना करून निघालेल्या माणसांना एकच हुकूम मिळाला. एकानं तो 'दुसरीकडे जा' असा वाचला, दुसऱ्यानं 'अजून जोरात ठोठाव' असा. दोघांनाही आपण देवाचं ऐकतोय असंच वाटत होतं. आज चर्चच्या इतिहासाच्या पुस्तकांत दोघांचीही गोष्ट 'देवानं नेलं' अशीच सांगितली जाते.

परिस्थिती आपला अर्थ स्वतः सांगत नाही, हा यातला मुद्दा आहे. तो माणसालाच लावावा लागतो.

बायबलमध्ये तरी स्पष्ट आहे का?

अनेकांना वाटतं की बायबलच्या काळात सोपं होतं, देव थेट बोलायचा. अब्राहामाला देश सोडायला सांगितलं, तो निघाला. पण बायबल नीट वाचलं तर चित्र बरंच गुंतागुंतीचं दिसतं.

योनाची गोष्ट घ्या. त्याला निनवेला जायचं होतं, म्हणजे पूर्वेला. तो उलट दिशेला, तार्शीशला पळाला. याफोच्या बंदरात गेला तर तिथे तार्शीशला जाणारं जहाज उभंच होतं, भाडंही खिशात होतं. सगळी दारं उघडी! 'उघडं दार म्हणजे देवाची इच्छा' हा नियम योनानं लावला असता तर तो प्रार्थना करत, समाधानानं चुकीच्या जहाजात बसला असता.

रील्समध्ये सर्वात जास्त वापरलं जाणारं वचन बहुधा यिर्मया २९:११ असेल. तुमच्यासाठी माझ्याकडे योजना आहेत, त्या भल्याच्या आहेत, भविष्य आणि आशा देणाऱ्या आहेत, असा त्याचा आशय. मागे सूर्योदय, बाजूला गिटार. पण हे वचन एका पत्रातलं आहे आणि ते पत्र बाबेलला कैद करून नेलेल्या यहुदी लोकांना लिहिलेलं आहे. त्या लोकांना घरी परतायचं होतं. हनन्या नावाचा संदेष्टा सांगत होता की दोन वर्षांत सगळं ठीक होईल, देवानं मला सांगितलंय. यिर्मया सांगत होता की ७० वर्षं लागतील. तेव्हा घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा आणि ज्या परक्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परकीय शहरातच मरणार होते. हा तपशील रीलमध्ये बसत नाही.

नव्या करारात प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा १६वा अध्याय या विषयावरचा सर्वात जास्त अभ्यासला गेलेला भाग आहे. पौल, सीला आणि तीमथ्य आजच्या तुर्कस्तानातून फिरत आहेत. त्यांना आसिया प्रांतात बोलायला पवित्र आत्म्यानं मनाई केली, असं पुस्तक सांगतं. मग ते बिथुनियाकडे वळले, तिथेही अडवले गेले. कसे अडवले, आजारपणानं, वाटेतल्या अडचणीनं की आतल्या बेचैनीनं, यातलं काहीच लिहिलेलं नाही. शेवटी ते त्रोवस बंदरात आले आणि तिथे रात्री पौलाला दृष्टान्त झाला की मासेदोनियातला एक माणूस मदतीला बोलावतो आहे.

इथे एक बारकावा आहे. दृष्टान्त एकट्या पौलाला झाला. पण त्याचा अर्थ लावताना पुस्तकाची भाषा अचानक 'ते' वरून 'आम्ही' वर येते. देवानं आम्हाला तिकडे बोलावलं आहे असा निष्कर्ष आम्ही काढला, असं लेखक सांगतो. मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ 'तुकडे एकत्र जुळवणं' असा आहे. म्हणजे दृष्टान्त झाल्यावरसुद्धा पौल 'मला सांगितलंय, चला' म्हणून मोकळा झाला नाही. सगळ्यांनी मिळून जुळवणी केली.

आणि पाच अध्याय पुढे तेच पुस्तक हे सगळं पुन्हा अवघड करून ठेवतं. पौल यरुशलेमला निघाला आहे आणि पवित्र आत्माच आपल्याला तिकडे ओढतोय असं तो म्हणतो. वाटेत सोर शहरातले शिष्य त्याला सांगतात की जाऊ नकोस, आणि तेही पवित्र आत्म्याच्या प्रेरणेनंच सांगतात असं पुस्तक म्हणतं! पुढे अगब नावाचा संदेष्टा पौलाचा कमरपट्टा घेऊन स्वतःचे हातपाय बांधून दाखवतो, तिथे तुला असं बांधतील म्हणून. सगळे रडतात. पौल ऐकत नाही. शेवटी सगळे 'प्रभूची इच्छा' म्हणून गप्प होतात. पौल जातो आणि खरोखरच पकडला जातो. कोण बरोबर होतं, यावर बायबलचे अभ्यासक आजही एकमत नाहीत.

गोव्याला येणारा माणूस दुसराच होता

कॅथॉलिक परंपरेनं या गोंधळावर एक व्यवस्था उभी केली, आणि ती उभी करणाऱ्याला स्वतःला आधी मोठा नकार पचवावा लागला होता.

इग्नेशियस लोयोला हा स्पेनमधला सैनिक. १५२१च्या लढाईत पायाला तोफगोळा लागला, अंथरुणावर पडून आयुष्य बदललं आणि आपली जागा यरुशलेममध्ये आहे असं त्याच्या मनानं घेतलं. १५२३मध्ये तो तिथे पोहोचलाही. पण तिथल्या फ्रान्सिस्कन प्रमुखानं त्याला राहू दिलं नाही. यात्रेकरू पकडले जातात, मारले जातात, सोडवायला खंडणी द्यावी लागते, तेव्हा परत जा. ऐकलं नाहीस तर पोपनं दिलेल्या अधिकारात तुला धर्मबहिष्कृत करू. इग्नेशियसला आतून पक्की खात्री होती. तरीही तो परतला.

पुढे पॅरिसमध्ये शिकताना त्याला सहा सोबती मिळाले. १५ ऑगस्ट १५३४ रोजी त्यांनी माँमार्त्रच्या टेकडीवर शपथ घेतली की यरुशलेमला जाऊ. पण यावेळी त्यांनी शपथेला एक जोडकलम लावलं: वर्षभरात जाता आलं नाही तर पोप जिथे पाठवेल तिथे. १५३७मध्ये सगळे व्हेनिसला जहाजाची वाट बघत बसले. नेमकं त्याच वर्षी व्हेनिस आणि तुर्कांमध्ये युद्ध सुरू झालं आणि यात्रेकरूंचं जहाज सुटलंच नाही. ते रोमला गेले. त्यातून १५४०मध्ये जेझुइट संघ उभा राहिला.

आता गोव्याचा भाग. पोर्तुगालच्या राजाला भारतात पाठवायला माणसं हवी होती. निवड झाली सिमाँव रोड्रिग्ज आणि निकोलस बोबाडिया या दोघांची. निघायच्या वेळी बोबाडिया आजारी पडला आणि पोर्तुगालच्या राजदूताला थांबायला वेळ नव्हता. इग्नेशियसनं फ्रान्सिस झेवियरला बोलावून सांगितलं. झेवियर तयार झाला आणि एक-दोन दिवसांत रोममधून निघालाही. लिस्बनला गेल्यावर राजानं रोड्रिग्जला स्वतःकडेच ठेवून घेतलं. म्हणजे ज्या दोघांची निवड झाली होती त्यातला एकही भारतात आला नाही. ७ एप्रिल १५४१ रोजी झेवियर लिस्बनहून निघाला आणि ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. २०२४च्या नोव्हेंबरपासून २०२५च्या जानेवारीपर्यंत जुन्या गोव्यात ज्याच्या अवशेषांच्या दर्शनासाठी रांगा लागल्या होत्या, तो माणूस बदली खेळाडू होता.

झेवियरला स्वतःला कुठे जायचं होतं, हा प्रश्न या व्यवस्थेत दुय्यम ठरतो. जेझुइट पोपला एक खास व्रत देतात, पाठवाल तिथे जाऊ असं. याच्या बरोबर उलट बेनेडिक्टाइन संन्यासी स्थैर्याचं व्रत घेतात. ज्या मठात पाऊल ठेवलं तिथेच मरेपर्यंत राहायचं, दुसरा मठ बरा वाटतो म्हणून जायचं नाही. एक जण 'कुठेही' म्हणतो, दुसरा 'इथेच' म्हणतो, पण दोघांनीही 'मला वाटतं तिथे' हा पर्याय बाजूला ठेवलेला असतो. आपल्याकडे वसईच्या एखाद्या चर्चमधल्या फादरांची बदली बिशप करतात आणि लोक कितीही हळहळले तरी फादर सामान बांधतात, त्यामागेही आज्ञापालनाचा हाच विचार आहे.

पण इग्नेशियसनं केवळ आज्ञापालन सांगितलं असं नाही. त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या छोट्या पुस्तकात, जे १५४८मध्ये छापलं गेलं, निर्णय घेण्याच्या तीन वेळा सांगितल्या आहेत. पहिली, जेव्हा शंकाच उरत नाही. ही क्वचित येते. दुसरी, जेव्हा मन कधी शांत, कधी अस्वस्थ होतं आणि त्या चढउतारांकडे बरेच दिवस लक्ष देऊन काहीतरी कळतं. तिसरी, जेव्हा आतून काहीच येत नाही. तेव्हा सरळ डोकं वापरायचं. फायदे एका बाजूला, तोटे एका बाजूला. एखाद्या अनोळखी माणसानं हाच प्रश्न विचारला तर काय सल्ला द्याल? मरताना मागे वळून बघाल तेव्हा काय निवडलेलं आवडेल? एक्सेल शीट काढून निर्णय घेणाऱ्यांना ऐकून बरं वाटेल, की चारशे-पाचशे वर्षांपूर्वीच्या या संतानं तर्कालाही देवाचं ऐकण्याची पद्धत मानलं आहे.

यात एक गोष्ट मात्र सुटून जाते. ज्या गावात हे लोक 'पाठवले' गेले, त्या गावाला कुणी विचारलं नव्हतं. झेवियरनं १५४६मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, आणण्याची मागणी केली होती. ते त्याच्या मृत्यूनंतर, १५६०मध्ये आलं, आणि गोव्यातल्या अनेक कुटुंबांच्या स्मृतीत त्याचा छळ अजून आहे. आपल्याला देवानं इथे ठेवलंय अशी खात्री असलेला माणूस इतरांनी इथे कसं राहायचं हेही ठरवू लागतो, तेव्हा काय होतं त्याचं हे उदाहरण.

कौल लावण्यासारखं काही ख्रिस्ती धर्मात आहे का?

कोकणात आणि गोव्यात देवळात कौल लावण्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. ख्रिस्ती परंपरेतही याच्या जवळ जाणाऱ्या गोष्टी आहेत. यहुदाच्या जागी नवा प्रेषित निवडताना चिठ्ठ्या टाकून मत्थियाची निवड झाली. जर्मनीतल्या हेर्नहूट गावचे मोरेवियन ख्रिस्ती १८व्या शतकात मिशनवर कुणी जायचं इथपासून लग्न कुणाशी करायचं इथपर्यंत चिठ्ठ्या काढून ठरवत. हळूहळू ही पद्धत त्यांनीच बंद केली. डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ते वचन आपल्यासाठी, असं करणारे आजही आहेत, पण बहुतेक पाळक याला विरोध करतात.

इंग्लंडमधले बॅप्टिस्ट पाळक एफ. बी. मायर यांनी बंदराची उपमा दिली होती. रात्री बंदरात शिरताना खलाशी किनाऱ्यावरचे तीन दिवे एका रेषेत येईपर्यंत थांबतो. तसे वचन, आतली ओढ आणि परिस्थिती हे तीन दिवे एका रेषेत आले की निघायचं. इव्हँजेलिकल मंडळ्यांमध्ये हा सल्ला आजही चालतो. १९८०मध्ये गॅरी फ्रीसन या अमेरिकन अभ्यासकानं मात्र पूर्ण पायाच हलवला. प्रत्येकासाठी देवानं एक गुप्त नकाशा काढून ठेवलाय आणि तो शोधायचाय, ही कल्पनाच बायबलमध्ये नाही, असं त्यानं मांडलं. चांगलं-वाईट काय ते बायबल सांगतं, त्या चौकटीत पुणे की नाशिक हे तुम्ही शहाणपणानं ठरवा, देवाला दोन्ही चालतं. त्याच्यावर बरीच टीका झाली, कारण मग देवाशी बोलायचं कशाला, असं अनेकांना वाटलं. पण चुकीचं शहर निवडलं तर आयुष्यभर देवाच्या 'प्लॅन बी'मध्ये राहावं लागेल, या भीतीत जगणाऱ्या कितीतरी तरुणांना त्यानं मोकळं केलं, हेही खरं.

'देवानं मला सांगितलंय' आणि त्यानंतरची शांतता

या सगळ्याचा आजच्या माणसाशी संबंध कुठे येतो? एका वाक्यापाशी. 'देवानं मला सांगितलंय' हे वाक्य घरात किंवा मंडळीत उच्चारलं गेलं की पुढची चर्चा थांबते. नवरा म्हणतो की प्रभू आपल्याला दुसऱ्या राज्यात नेतोय, आता बायकोनं नोकरीचा विषय काढायचा कसा? पाळक म्हणतो की तू ही मंडळी सोडू नयेस असं मला प्रार्थनेत कळलंय. ज्याला हे सांगितलं जातं त्याला पाळकाला नाही म्हणायचं म्हणजे देवाला नाही म्हटल्यासारखं वाटतं. १८१२च्या जहाजांवर पाचारण पुरुषांचं नोंदलं गेलं आणि त्याची किंमत हॅरिएट आणि रॉक्सानानंही मोजली. तो नमुना अजून जुना झालेला नाही.

बायबल यावर गप्प नाही. संदेश सांगणाऱ्यानं सांगावं आणि इतरांनी तो पारखावा, असं पौल करिंथच्या मंडळीला लिहितो. थेस्सलनीकाच्या मंडळीलाही तेच, सगळं पारखून घ्या. म्हणजे शंका विचारणं हा अविश्वास नाही, तो मंडळीच्या कामाचाच भाग आहे.

पंडिता रमाबाईंइतकं ठामपणे हे मराठी मुलखात क्वचितच कुणी जगून दाखवलं असेल. १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी चेल्टनहॅमला पुरुषांना शिकवावं का, असा प्रश्न आला तेव्हा चर्चमधल्या वरिष्ठांनी हरकत घेतली. भारतीय स्त्रीला ते शोभणार नाही आणि पुढे भारतात तिच्या कामाला बाधा येईल, असं त्यांचं म्हणणं. रमाबाईंनी पत्रांतून वाद घातला. आपण ख्रिस्ताचा स्वीकार केलाय, आपली सद्सद्विवेकबुद्धी कुणाकडे गहाण ठेवलेली नाही, हा त्यांचा पवित्रा होता. त्यांना वडीलकीच्या सुरात सल्ला देणाऱ्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार पुढे पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाला आहे.

याच रमाबाई पुढे परिस्थितीचं बोट धरून केडगावला पोहोचल्या. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्याच वर्षी ते पुण्याला गेलं. केडगावची जमीन त्यांनी घेतली होती ती फळबागेसाठी, संस्थेला उत्पन्न मिळावं म्हणून. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवांना घेऊन आल्या. तेवढ्यात पुण्यात प्लेग आला आणि इतक्या मोठ्या संख्येनं माणसं शहरात ठेवायला अधिकाऱ्यांनी मनाई केली. मग जागा कुठली, तर शेतावरची. केडगाव पुणे-दौंड रेल्वेमार्गावर होतं, तिथे मोकळी जमीन होती. तिथेच 'मुक्ती' उभं राहिलं. रमाबाई या सगळ्यात देवाचा हात पाहत होत्या. पण त्या हाताबरोबर प्लेगचा नियम, दुष्काळ आणि आधी घेऊन ठेवलेली शेतजमीन हेही होतं. वरिष्ठांच्या एका मनाईपुढे त्या झुकल्या नाहीत आणि दुसऱ्या मनाईनंतर त्यांनी मुक्काम हलवला. कोणती मनाई कशी वाचायची, हे त्यांनी दोन्ही वेळा स्वतः ठरवलं.

आता पुन्हा मुंबईतल्या त्या दोघांकडे. गॉर्डन हॉल मुंबईतच राहिला, मराठी शिकला, नव्या कराराच्या मराठी भाषांतरावर काम करत राहिला आणि मार्च १८२६मध्ये नाशिक भागात फिरतीवर असताना कॉलऱ्यानं गेला. त्याचं वय ४१ होतं. मराठी नवा करार त्याच वर्षी छापून पूर्ण झाला. सॅम्युएल नॉटची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. राहू द्या म्हणून ज्यानं कोचीनपर्यंत पळ काढला, पकडून आणल्यावरही हट्ट सोडला नाही, त्याची प्रकृतीच मुंबईत टिकली नाही. १८१५मध्ये तो रॉक्सानासह भारतातून निघाला. पुढे मॅसॅच्युसेट्समधल्या वेअरहॅम नावाच्या छोट्या गावात त्यानं वीस वर्षं पाळक म्हणून काम केलं, नंतर शाळा चालवली आणि १८६९मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, तो वारला.